कॅमेऱ्याची बॅटरी ग्रिप : कंपनीची की दुसऱ्या बनावटीची?

लग्नसराई ओसरू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत खरेदी आणि दुरुस्तीचे प्रश्न वाढतात. या वेळी बॅटरी ग्रिपविषयीची (कॅमेऱ्याच्या तळाला जोडायची, जास्तीच्या बॅटऱ्या आणि उभ्या फोटोसाठी वेगळे शटरचे बटण असलेली मूठ) पत्रे इतकी आली की त्यांतील पाच निवडून संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागले.

प्रश्न : मी कराड परिसरात लग्नाचे फोटो काढतो. माझ्याकडे कॅननचा ८०डी आहे. उभे फोटो काढताना उजवा हात डोक्याच्या वर जातो आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो, म्हणून बॅटरी ग्रिप घ्यायची आहे. कंपनीच्या ग्रिपची किंमत दुसऱ्या बनावटीच्या तिप्पट-चौपट सांगतात. शिवाय दुसरी घेतली तर दुकानदार तिच्यासोबत दोन बॅटऱ्या मोफत देतो आहे. फरकाचे पैसे वाचवावेत का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. ग्रिप कोणती घ्यावी हा एक आणि तिच्यात बॅटऱ्या कोणत्या घालाव्यात हा दुसरा. दुकानदार दोन्ही वस्तू एकाच पिशवीत घालून देतो म्हणून ते एकच वाटतात. माझे मत आधी सांगतो. आपल्या कामाला ग्रिप दुसऱ्या बनावटीची चालेल, पण तिच्या पोटातल्या बॅटऱ्या मात्र ओरिजिनलच असाव्यात. मोफत मिळणाऱ्या त्या दोन बॅटऱ्या दुकानातच राहू द्याव्यात आणि त्यांच्या बदल्यात ग्रिपची किंमत कमी करून मागावी.

कारण असे की, ग्रिप उघडून पाहिली तर तिच्यात फारसे काही नसते. दोन बॅटऱ्यांचा ट्रे, कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या खणात शिरणारा एक दांडा, त्याच्या टोकाला वीज आणि संदेश पोचवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, एक लहानसे सर्किट, शटरचे बटण, एक डायल आणि दोन-चार बटणे, एवढाच तो संसार. कॅननची स्वतःची बीजी-ई१४ ही ग्रिप लावली तरी ८०डीचा वेग सेकंदाला ७ फोटोंचा आहे तेवढाच राहतो. इतक्या साध्या वस्तूची नक्कल करणे अवघड नाही आणि मायकी, नीवर यांसारखे उत्पादक ते काम बऱ्यापैकी करतात. बॅटरीची गोष्ट निराळी आहे. तिच्या आत लिथियमचे सेल असतात, अति चार्ज होऊ लागल्यास किंवा तापल्यास प्रवाह तोडणारे संरक्षक सर्किट असते आणि आपली स्थिती कॅमेऱ्याला कळवणारी चिप असते. यांपैकी कशात काटकसर झाली आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. कॅननच्या एलपी-ई६एन या बॅटरीची क्षमता १८६५ मिलिअँपिअर-तासांची आहे. तेवढ्याच आकाराच्या, तेवढ्याच वजनाच्या स्वस्त बॅटरीवर त्याच्या दीडपट आकडा छापलेला दिसला, तर तो आकडा छापखान्यात तयार झाला आहे असे खुशाल समजावे. अशी बॅटरी दोन हंगामांत फुगते, आणि फुगलेली बॅटरी ट्रेमध्ये अडकून बसली की ट्रे ग्रिपमधून ओढून काढताना काय हाल होतात ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

बाजारात नेमका याच्या उलट व्यवहार चालतो. पुष्कळ जण हट्टाने कंपनीची ग्रिप घेतात, त्यात खिसा रिकामा झाल्यामुळे दोन स्वस्त बॅटऱ्या भरतात आणि मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘बॅटरीशी संपर्क होत नाही, ही बॅटरी वापरायची का?’ अशा अर्थाचा संदेश आला की ग्रिपला दोष देतात.

याचा अर्थ दुसऱ्या बनावटीच्या ग्रिपमध्ये उणे काहीच नाही असा नव्हे. तिची खरी परीक्षा सांध्यावर होते. काही वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या कॅनन ७डी कॅमेऱ्याला अशीच एक ग्रिप होती आणि दुकानात ती अगदी घट्ट बसली होती. एका लग्नात मंगलाष्टके चालू असताना मी कॅमेरा उभा धरून तयार होतो. अंतरपाट खाली येणार एवढ्यात डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर एकदम मंद झाला आणि खालचे आकडे विझले. ग्रिप तळहाताने वर दाबली की आकडे परत येत, हात सैल केला की जात. ग्रिप कॅमेऱ्याला आवळून धरणारे चाक अर्धा फेरा सैल झाले होते, एवढेच कारण. ते आवळून मी डोळा पुन्हा लावला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि दोन्हीकडचे मामा अंतरपाटाची घडी घालत होते. कंपनीच्या ग्रिपचे चाकही सैल होते, पण तिचा दांडा खणात इतका नेमका बसतो की अर्ध्या फेऱ्याने संपर्क तुटत नाही. स्वस्त ग्रिपमध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढा खेळ राहतो आणि तोच नडतो. कार्डावर फोटो लिहिला जात असताना वीज गेली तर तो फोटोही हातचा जातो, हे लक्षात असू द्यावे.

म्हणून ग्रिप विकत घेण्यापूर्वी, किंवा परत करण्याची मुदत आहे तोवर, तिची घरी नीट परीक्षा घ्यावी. ग्रिप लावून चाक बोटांनी आवळावे, पकडीने नव्हे. मग वहीच्या कागदाची एक पट्टी घेऊन कॅमेऱ्याचा तळ आणि ग्रिप यांच्या फटीत चारही बाजूंनी सरकवून पाहावी. एखाद्या कोपऱ्यात ती सहज आत गेली तर ग्रिप परत करावी. कॅमेरा चालू ठेवून एका हाताने बॉडी आणि दुसऱ्याने ग्रिप धरून हलकेच पीळ द्यावा आणि पडदा लुकलुकतो का ते पाहावे. त्यानंतर दोन ओरिजिनल बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून ट्रेमध्ये घालाव्यात आणि मेनूतील बॅटरीच्या माहितीचे पान उघडावे. तेथे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. एकच दिसली तर ट्रेच्या पट्ट्यांत दोष आहे. आता कॅमेरा बंद करून रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी तेच पान पुन्हा पाहावे. एखाद-दुसरा टक्का कमी झाला तर हरकत नाही, परंतु रात्रीतून दहा-पंधरा टक्के गेले असतील तर ग्रिपचे सर्किट बंद अवस्थेतही वीज खात आहे आणि अशी ग्रिप फुकट मिळाली तरी घेऊ नये. शेवटी उभ्या पकडीतील शटरचे बटण अर्धे दाबून पाहावे. बॉडीच्या बटणावर अर्ध्या दाबाला जी हलकी अडचण बोटाला लागते ती पुष्कळ स्वस्त ग्रिपवर लागतच नाही आणि फोकस होण्याआधीच फोटो निघून जातो. डायलचा एक टप्पा फिरवल्यावर कॅमेऱ्याने एकच टप्पा पुढे जावे, दोन नव्हे, हेही पाहून घ्यावे.

आणखी एक सूचना अशी की, कॅमेरा उलटा लोंबत ठेवणारा स्लिंग पट्टा ग्रिपच्या तळाच्या आट्यांना कधीही लावू नये. तसे केल्यास कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश यांचे सगळे वजन त्या एका चाकावर येते आणि स्वस्त ग्रिपमध्ये ते आटे प्लास्टिकच्या तळात बसवलेले असतात. मी तर कंपनीच्या ग्रिपलाही तो लावत नाही. पट्टा बॉडीच्या कड्यांनाच असावा.

राहता राहिला खर्चाचा आणि गरजेचा विचार. व्ह्यूफाइंडरमधून पाहून काढल्यास ८०डीमध्ये एका बॅटरीवर सुमारे ९६० फोटो निघतात, असे प्रमाणित मोजमाप आहे. पडद्यावर पाहून किंवा व्हिडिओ काढल्यास ही संख्या पुष्कळ घटते, तरी हळदीपासून वरातीपर्यंतचा दिवस तीन बॅटऱ्यांत आरामात निघतो आणि खिशातली बॅटरी बदलायला दहा सेकंद पुरतात. तेव्हा केवळ विजेसाठी ग्रिप घेण्याचे कारण नाही. आपले कारण खांद्याचे आहे आणि ते खरे आहे. ग्रिप लावली की कॅमेरा मोठा दिसतो आणि यजमानांकडे मान मिळतो, हे तिसरे कारण कोणी पत्रात लिहीत नाही, पण बहुतेकांच्या मनात असते. मात्र ग्रिप आणि जास्तीची बॅटरी मिळून पाव किलोहून अधिक वजन मनगटावर येते, हे दुकानातील पाच मिनिटांत कळत नाही. शक्य असल्यास एखाद्या मित्राची ग्रिप एका दिवसाच्या कामासाठी मागून पाहावी.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डी८५० आहे आणि मी वर्षातून दोन-तीनदा ताडोबाला जातो. ग्रिप लावल्यावर वेग वाढतो असे ऐकले. तो दुसऱ्या बनावटीच्या ग्रिपनेही वाढेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वरच्या उत्तरात मी जे म्हटले त्याला आपले पत्र हा अपवाद आहे. डी८५०चा वेग बॉडीवर सेकंदाला ७ फोटोंचा आहे. तो ९ होतो हे खरे, पण त्यासाठी निकॉनची एमबी-डी१८ ही ग्रिप आणि तिच्यात ईएन-ईएल१८ मालिकेतील मोठी बॅटरी लागते. त्याच ग्रिपमध्ये आपल्या कॅमेऱ्यातील नेहमीची ईएन-ईएल१५ जातीची बॅटरी घातली तर वेग ७च राहतो. म्हणजे वेग खरे तर बॅटरी वाढवते, ग्रिप तिला जागा देते. ही मोठी बॅटरी बसवायला बीएल-५ नावाचे वेगळे झाकण लागते आणि तिचा चार्जरही वेगळा असतो. या चारही वस्तूंची बेरीज करून मगच दोन जास्तीच्या फोटोंची किंमत ठरवावी. दुसऱ्या बनावटीच्या ग्रिपच्या खोक्यावर ९ फोटोंचा दावा असला, तर तो आपल्याच बॉडीवर, आपल्याच बॅटरीने, दुकानात उभे राहून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत; केवळ उभ्या पकडीसाठी घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

निकॉनच्या या रचनेत एक मोठी सोय आहे. कॅननच्या ग्रिपचा दांडा बॅटरीच्या खणात शिरतो, त्यामुळे ग्रिप रुसली की कॅमेरा बंद पडतो. डी८५०मध्ये मात्र बॉडीतील बॅटरी जागेवरच राहते आणि ग्रिपमध्ये दुसरी बसते. सफारीत ग्रिपचा संपर्क तुटला तरी कॅमेरा बॉडीतल्या बॅटरीवर चालू राहतो. कोणती बॅटरी आधी वापरायची हे मेनूतून ठरवता येते. ग्रिपमधली आधी, हीच मांडणी ठेवावी, कारण बॉडीतली बॅटरी बदलायची तर ग्रिप काढावी लागते आणि हलत्या जिप्सीत, समोर वाघ उभा असताना, ते काम कोणी करत नाही. कॅमेऱ्याच्या तळाला संपर्काच्या जागेवर असलेली लहान रबरी टोपी काढून ग्रिपमधील तिच्यासाठीच्या खाचेत ठेवावी. ती हरवली तर ग्रिप काढल्यावर तेथून धूळ आत जाते.

धुळीचाच मुद्दा आपल्या बाबतीत सर्वांत वजनदार आहे. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पुढच्या गाडीने उडवलेली धूळ पीठ चाळल्यासारखी सगळ्या सामानावर बसते. एमबी-डी१८च्या सांध्यांना आणि दारांना धूळ-ओलाव्यापासून बचावाची बंदिस्ती असते. दुसऱ्या बनावटीच्या ग्रिपमध्ये ती सहसा नसते, असली तरी तिची खात्री देणारा कोणी नसतो. ज्यांचे काम जंगलात, पावसात किंवा समुद्रकाठी चालते त्यांनी कंपनीचीच ग्रिप घ्यावी, नाहीतर ग्रिपशिवाय काम करावे. मधला मार्ग मला येथे दिसत नाही.

प्रश्न : मी म्हापशाला कॉलेजात शिकते. माझ्या निकॉन डी५६००साठी निकॉनची ग्रिप कुठेच मिळत नाही. ऑनलाइन मिळणारी ग्रिप एका वायरने कॅमेऱ्याला जोडतात. ती सुरक्षित आहे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : निकॉनची मिळत नाही कारण निकॉनने ती बनवलेलीच नाही. डी५६००च्या तळाला ग्रिपशी बोलणाऱ्या पट्ट्याच नाहीत. म्हणून दुसरे उत्पादक एक आखूड वायर बाजूच्या खाचेत, जेथे रिमोट लावतात तेथे, जोडतात; उभ्या पकडीतील बटण म्हणजे प्रत्यक्षात रिमोटचेच बटण. ती धोक्याची नाही, पण वायर बाहेर लोंबते, बाजूची रबरी झडप कायम उघडी राहते, आणि डायल नसल्यामुळे शटरचा वेग बदलायला हात पुन्हा वरच न्यावा लागतो. आपल्या कॅमेऱ्यात एका बॅटरीवर ९७०च्या आसपास फोटो निघतात. मी आपल्या जागी असतो तर ते पैसे एका ओरिजिनल ईएन-ईएल१४ए बॅटरीवर खर्च केले असते आणि उरलेल्यांत शिगमोत्सवाच्या मिरवणुकीसाठी एक वेगवान कार्ड घेतले असते.

कंपनीचे नाव असले म्हणजे सगळे मिळतेच, असा समजही या निमित्ताने दूर करतो. निकॉनने आपल्या झेड६ आणि झेड७ या कॅमेऱ्यांसाठी काढलेल्या एमबी-एन१० या ग्रिपवर उभ्या फोटोसाठी शटरचे बटणच नव्हते. ती निव्वळ बॅटऱ्यांची पेटी होती. बटण असलेली एमबी-एन११ पुढच्या झेड६-२ आणि झेड७-२ या कॅमेऱ्यांबरोबर आली. सोनीच्या ग्राहकांनीही नाव वाचून थांबू नये, क्रमांक वाचावा : ए७-३ची व्हीजी-सी३ईएम ही ग्रिप ए७-४ला बसत नाही, त्याला व्हीजी-सी४ईएम लागते, आणि दुकानाच्या काचेमागे दोन्ही सारख्याच दिसतात.

प्रश्न : ग्रिपमध्ये पेन्सिल सेल घालता येतात म्हणे. डोंगरावर दोन-तीन दिवस वीज नसते, तेव्हा त्यांवर काम भागेल का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : ज्या ग्रिपसोबत पेन्सिल सेलचा वेगळा ट्रे येतो त्यात भागेल, पण अडीनडीलाच. कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) पुष्कळ ग्रिपमध्ये सहा सेल बसतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. सहा मिळून ७.२ व्होल्ट, म्हणजे नेमका एलपी-ई६ बॅटरीचा दाब. ते चालतात. अल्कलाइन सेल थोडा वेळ चालतात, पण एकदम मोठा प्रवाह मागितला की दबतात आणि थंडीत लवकरच हात टेकतात. गावच्या टपरीवर घड्याळासाठी मिळणारे साधे सेल घालूच नयेत. नव्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांकडे वळणार असाल तर ही सोय गृहीत धरू नये. कॅननच्या आर५ आणि आर६साठी असलेल्या बीजी-आर१० ग्रिपमध्ये पेन्सिल सेल बसत नाहीत.

प्रश्न : माझ्या कॅनन ५डी मार्क-३साठी एक जण जुनी ओरिजिनल ग्रिप विकतो आहे आणि साधारण त्याच किमतीत दुसऱ्या बनावटीची नवी मिळते. जुनी घ्यावी का? आणि ती खरोखर ओरिजिनल आहे हे कसे ओळखावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जुनी घ्यावी. या सगळ्या पत्रांत मला सर्वांत पटलेला सौदा हाच आहे. ५डी मार्क-३ हा २०१२ सालचा कॅमेरा. त्याच्या बीजी-ई११ ग्रिपचे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे, बॉडीवर असलेली फोकसबिंदू हलवणारी काडी तिच्यावरही आहे, आणि आपली बॉडी जोवर चालेल तोवर ती चालण्यास हरकत नाही. दुसऱ्या बनावटीच्या ग्रिपमध्ये ही काडी असली तरी तिरक्या दिशेने सरकताना ती अडते, असा माझा अनुभव आहे.

मात्र आपण कोकणात आहात म्हणून सांध्याआधी गंज पाहावा. विजेरीच्या उजेडात दांड्याच्या टोकाच्या पट्ट्या पाहाव्यात. त्यांवर हिरवट थर किंवा काळे ठिपके असतील तर सौदा सोडून द्यावा. तो थर खरवडून काढता येतो, पण पट्टीवरचा मुलामाही त्याच्याबरोबर जातो. नुसते बोटांचे डाग असतील तर कापडाने पुसून निघतात. बाहेरचे रबर कडेला उचलले गेले आहे का, चाक फिरवताना मध्येच घसरते का, ट्रेचे कुलूप टक् आवाज करून बसते का, हे हाताने पाहावे. कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या खणाचे काढलेले झाकण ठेवायला ग्रिपच्या दांड्यावर खाच असते; विकणाऱ्याचे स्वतःचे झाकण अजून तेथेच असेल तर त्याला आठवणीने परत द्यावे, कारण त्यालाही ते नंतर कुठे मिळणार नाही.

अस्सल-नकलीची पारख अक्षरांपासून सुरू होते. कंपनीचे नाव नकली मालावर रंगाने छापलेले असते आणि नखाला किंचित उंच लागते किंवा कडेने पसरलेले दिसते. ट्रेच्या आतील बाजूचा साच्यातला मजकूर, प्लास्टिकच्या जोडाची रेघ आणि स्क्रूंची डोकी आपल्या कॅमेऱ्याशी ताडून पाहावीत. ज्या कारखान्याने बाहेरचे रूप हुबेहूब केले त्याने आतल्या स्क्रूंकडे सहसा लक्ष दिलेले नसते. नवी वस्तू घेणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. भारतात आयात करून विकल्या जाणाऱ्या वेष्टनबंद मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे वैधमापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे. ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेल्या खोक्यावर हे लेबल नसेल तर माल नकली तरी आहे किंवा मागल्या दाराने आलेला तरी, आणि दोन्ही प्रकारांत भारतातील वॉरंटीची आशा नको. पावती असूनही दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

वॉरंटीचे नाव निघालेच आहे म्हणून सर्वच पत्रलेखकांना सांगतो : अन्य बनावटीच्या जोडसामानामुळे झालेला बिघाड आपण भरून देणार नाही, असे कॅमेरा कंपन्या पुस्तिकेत छापून ठेवतात. कॅमेरा सेवाकेंद्रात देताना ग्रिप काढून, बॅटरीच्या खणाला त्याचे मूळ झाकण लावून द्यावा. ते झाकण ग्रिपच्या दांड्यावर आहे की घरातल्या कुठल्या खणात, हे आजच पाहून ठेवावे.